घरच्या प्रेशर वॉशरने लोखंड कापता येतं का?

दादरमध्ये एखाद्या गॅरेजबाहेर गाडी धुताना प्रेशर वॉशरची धार बघितली की खटपट्या माणसाच्या डोक्यात प्रश्न येतोच: या पाण्याने लोखंड कापता येईल का? उत्तर ‘हो, पण...’ असं आहे.

वॉशरचा दाब साधारण 150 बार. कारखान्यातल्या वॉटरजेट मशीनचा 4,000 बारच्या आसपास. 1 बार म्हणजे अंदाजे 10 मीटर उंच पाण्याचा दाब. म्हणजे 4,000 बारसाठी पाण्याची टाकी 40 किलोमीटर उंचावर ठेवावी लागेल. लोकलने दादर ते डोंबिवली जेवढं अंतर, जवळपास तेवढं सरळ वर! असा पंप चालवायला 50 हॉर्सपॉवरची मोटर लागते, त्यामुळे तो घरी बनवायचा नाद सोडा.

पण नुसतं पाणी फोम, कागद, केक असल्या मऊ वस्तूच कापतं. धातू कापते ती पाण्यात मिसळलेली गार्नेटची बारीक, कठीण वाळू. म्हणूनच कमी दाबावरही काम होतं, फक्त फार हळू. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी कमी खर्चाचं वॉटरजेट बनवलं, त्यातूनच ‘वेझर’ हे टेबलावर मावणारं मशीन 2016 मध्ये किकस्टार्टरवर आलं.

घरी बनवणारे अडकतात ते या वाळूपाशी. ती पंपातून सोडली तर पंप खलास. म्हणून ती नोझलजवळ, धारेच्या ओढीनेच आत खेचावी लागते आणि तिथपर्यंत कोरडी राहावी लागते. थोडं पाणी मागे आलं की लगदा होतो आणि नळी तुंबते. मुंबईच्या पावसाळ्यात तर विचारूच नका. शिवाय वाळू नोझललाही सोडत नाही. पितळेचं भोक बघता बघता मोठं होतं, म्हणून पाण्याच्या छिद्राला माणिक किंवा नीलम आणि पुढच्या नळीला टंगस्टन कार्बाइड वापरतात. दोन्ही एका रेषेत नसतील तर धार नळीलाच कापते.

खाली धार जिरवायला पाण्याची खोल टाकी हवी. तिच्यातला गाळ मोरीत ओतलात, तर सोसायटीची मीटिंग तुमच्यावरच.

सगळ्यात मोठा धोका बोटाला. साध्या वॉशरची धारही कातडीतून आत घुसते. बाहेर टाचणीएवढी खूण दिसते, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, पण आत पाणी आणि वाळू पसरलेली असते. उशीर झाला तर बोट कापावं लागू शकतं. त्यामुळे घरी मलम लावत बसू नका. थेट केईएम किंवा सायनसारख्या मोठ्या रुग्णालयात जा आणि दाब किती होता, पाण्यात काय मिसळलं होतं, हे डॉक्टरांना आधी सांगा.