दुसरा 'एम'

२००२ साली नाशिकच्या कारखान्यातून स्कॉर्पिओ आली. आमच्या गल्लीत ती प्रथम उभी राहिली, तेव्हा पोरांनी गराडा घातला. उंच बैठक, रुंद छाती, डिझेलचा जोर. आत मात्र मोटारीचा आराम. जीपचा रांगडेपणा न सोडता ती शहरी झाली होती. मोह मलाही पडला, खिशाने आवरला!

मला ओढ होती ती एका पुसलेल्या नावाची. १९४५ मध्ये ही कंपनी 'महिंद्रा अँड मोहम्मद' म्हणून सुरू झाली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ साली इथलं नाव बदललं. आद्याक्षरं तीच राहिली. दुसरा 'एम' आधी कुणाचा होता, हे पोरांना सांगावंसं वाटलं. पण त्यांचं सारं लक्ष चाकांकडे होतं.