वाटेचा खर्च, नदीचा खर्च

माऊली, आपल्या दिंडीच्या शंभर वर्षांचं लिहायला बसलं की विणेकरी, चोपदार, पखवाजी यांची नावं ओळीनं आठवतात. भिशीत कोणी किती धान्य घातलं तेही जुन्या वहीत सापडतं. पण मुक्कामाच्या गावात आपल्यासाठी पाणी कोणी भरलं, पालखी पुढे गेल्यावर गाव कोणी झाडलं आणि त्याचे पैसे कोणाच्या खिशातून गेले, ही वही आपण कधी उघडलीच नाही. म्हणून हा लेख.

पंढरपूरला नगरपालिका आली १८५५ साली. गाव लहान, यात्रा मोठी, ही अडचण तेव्हापासूनची. म्हणून इंग्रजी अमलात यात्रेकरूंवर कर बसला. विठ्ठलाच्या भेटीला कर कसला, असं जुन्या वारकऱ्यांना वाटलं असेल तर त्यात नवल नाही. पण त्या उत्पन्नाशिवाय पालिकेला दिवाबत्ती आणि झाडलोट परवडणारी नव्हती. गावाच्या पाण्यासाठी यमाई तलाव झाला तोही त्याच एकोणिसाव्या शतकात. १९०६ ला बार्शी लाईटची गाडी पंढरपुरापर्यंत आली आणि गर्दी आणखी वाढली. सरकारच्या नजरेत वारी म्हणजे पटकीचं घर होतं. दंडात सुई टोचून घेतल्याशिवाय पुढे सोडत नसत, हे आपल्यातल्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतं. सरकारचा सूर उर्मट होता खरा, पण पटकीनं माणसं मरत होती हेही तितकंच खरं.

स्वातंत्र्यानंतर कारभार गावाकडे आला. १९५८ चा ग्रामपंचायत कायदा झाला, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. आपल्या वाटेवरची भंडीशेगाव, वाखरी यांसारखी गावं एका रात्रीसाठी शहराएवढी होतात. वाखरीला तर सगळ्या पालख्या एकत्र येतात. पंचायतीची घरपट्टी-पाणीपट्टी तिच्या वस्तीच्या हिशेबानं, आणि खर्च मात्र लाखो पाहुण्यांचा! टँकर, दिवे, जंतुनाशक पावडर, चर खणणं, नंतर बुजवणं. शासनाचं अनुदान येतं, पण पालखी गेल्यावरच्या चार दिवसांत गावाला जो वास सोसावा लागतो त्याला अनुदान नाही.

खुद्द पंढरपूरची वस्ती २०११ च्या जनगणनेत लाखाच्या आतच होती. आषाढीला तिथे दहा लाखांच्या वर माणूस उतरतो. वर्षानुवर्षं आपण वाळवंटात राहुट्या ठोकल्या, तिथंच शिजवलं, आणि पहाटे अंधारात जे करायचं तेही तिथंच. ते कोणीतरी हातानं उचलत होतं. सफाई कामगारांचा हा प्रश्न शेवटी मुंबई उच्च न्यायालयात गेला, आणि वाळवंटातल्या राहुट्या बंद झाल्या. त्या वेळी आपल्यातल्या कित्येकांना राग आला, परंपरा मोडली म्हणून. पण नदीपलीकडे ६५ एकरांत तळ झाला, नळ आले, संडास आले, आणि बायाबापड्यांची पहाटेची कुचंबणा पुष्कळ कमी झाली. आमच्या मते शंभर वर्षांतला हा मोठा पालट आहे; भजनाच्या चाली बदलल्या त्याहून मोठा.

२०१५ पासून निर्मल वारीची फिरती शौचालयं वाटेवर उभी राहू लागली. पंधराव्या वित्त आयोगानं तर ग्रामपंचायतींच्या निधीतला ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेलाच बांधून दिला. पैसा अगदीच नाही असं आता म्हणता येत नाही.

पण पैसा जातो कुठं ते पाहा. पालखी मार्ग रुंद झाला, २०२१ च्या नोव्हेंबरात पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं भूमिपूजन झालं. रस्ता चांगलाच आहे, चालायला वेगळी वाट ठेवली आहे. त्यासाठी जुनी वडा-चिंचेची सावली मात्र गेली, आणि नवी रोपं आपल्या नातवंडांना सावली देतील तेव्हा देतील. रस्ता दिसतो, त्याची फीत कापता येते. गटार जमिनीखाली असतं, त्याला हार घालायला कोण येणार?

आणि पाणीसुद्धा वारी करतं, हे ध्यानात घ्या. आळंदीला ज्या इंद्रायणीत आपण स्नान करतो, ती वर पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी घेऊन येते. कधी तर पांढऱ्या फेसानं घाट झाकतो. ती तुळापूरला भीमेला मिळते. पुढे पुण्याची मुळा-मुठा येते. मग उजनीचं धरण. तिथून एकादशीच्या आधी पाणी सोडतात तेव्हा चंद्रभागा भरते. म्हणजे आळंदीला जे सोडलं ते पंढरपूरला आपल्यालाच भेटतं. २०१६ ला राज्याच्या अर्थसंकल्पात ‘नमामि चंद्रभागा’ आली. पण पंढरपूरच्या पालिकेनं आपल्या हद्दीत कितीही झाडलं, तरी वरच्या शहरांनी मैलापाणी शुद्ध करून सोडल्याशिवाय चंद्रभागेला काय उपयोग? खर्च एकाच्या हद्दीत, घाण दुसऱ्याच्या.

आषाढी करून आपण घरी येतो तोवर पंधरा ऑगस्टची ग्रामसभा जवळ आलेली असते. त्या सभेत गटाराचा आणि सांडपाण्याचा खर्च वाचून दाखवावा लागतो, विचारलं तर. आपल्या गावचा ओढासुद्धा कुठल्या ना कुठल्या नदीला मिळतोच. गेल्या काही वर्षांपासून आपल्या दिंडीतली चार-पाच माणसं त्या दिवशी टाळ घरी ठेवून सभेला जाऊन बसतात आणि तो कागद मागतात.