शालेय गळती (महाराष्ट्र)

शालेय गळती म्हणजे शाळेत नाव दाखल झालेल्या विद्यार्थ्याने शिक्षणाचा ठरावीक टप्पा पूर्ण होण्याआधी शाळा सोडणे. महाराष्ट्रात या प्रश्नाचा विचार प्रामुख्याने प्राथमिक व माध्यमिक शिक्षणाच्या संदर्भात केला जातो. दारिद्र्य, हंगामी स्थलांतर, बालविवाह, शाळेचे अंतर आणि अध्ययनातील मागासलेपण ही तिची प्रमुख कारणे मानली जातात. शिक्षकांची अस्थिरता, म्हणजे रिक्त पदे, अपुरे मानधन, वारंवार होणाऱ्या बदल्या व व्यवसायत्याग, हा या प्रश्नाचा तुलनेने कमी चर्चिला गेलेला पण त्याच्याशी निगडित असा भाग आहे.

संज्ञा व व्याख्या

भारतीय शिक्षणाच्या चर्चेत ही संकल्पना १९२९ सालच्या हारटॉग समितीच्या अहवालामुळे रूढ झाली. या समितीने दोन गोष्टींत भेद केला. टप्पा पूर्ण होण्यापूर्वी मूल शाळेतून काढून घेतले जाणे म्हणजे 'गळती' आणि मूल एकाच इयत्तेत एकाहून अधिक वर्षे अडकून पडणे म्हणजे 'स्थगन'. स्थगन हे पुष्कळदा गळतीची पूर्वावस्था असते. त्यामुळे पुढील काळातही या दोहोंचा विचार एकत्रच झाला.

'शाळाबाह्य मूल' ही संज्ञा अधिक व्यापक आहे. ६ ते १४ वयोगटातील कधीच शाळेत न गेलेले, प्राथमिक शिक्षण पूर्ण न करता शाळा सोडलेले, तसेच पटावर नाव असूनही दीर्घकाळ सलग गैरहजर असलेले मूल तीत येते. पटावर नाव आहे पण वर्गात मूल नाही, ही अवस्था गळतीच्या आकडेवारीत सहजासहजी दिसत नाही. बहुतेक मुले एका दिवसात शाळा सोडत नाहीत. आधी आठवड्यातील एखादा दिवस चुकतो, मग बाजाराचा दिवस, मग सुगीचे पंधरा दिवस, आणि शेवटी एखाद्या सुट्टीनंतर मूल परतच येत नाही. दाखला मात्र तसाच शाळेत राहतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू केली आणि १८५५ मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसा काम करणाऱ्या माणसाला शिकायचे असेल, तर शाळेने आपली वेळ बदलली पाहिजे, हा विचार त्या प्रयोगामागे होता. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात जोतीरावांनी किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि त्यांचा पगार दरमहा १२ रुपयांहून कमी नसावा, असेही त्यात म्हटले होते. विद्यार्थ्याची उपस्थिती व शिक्षकाची प्रतिष्ठा हे दोन प्रश्न या निवेदनात एकत्र आलेले दिसतात.

बडोदा संस्थानात सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय विधिमंडळात मांडलेले सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मंजूर होऊ शकले नाही. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला व मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंडाची तरतूद केली. तत्पूर्वीच, १९०१ पासून, त्यांनी विविध जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांना चालना दिली होती. खेड्यातील मुलाला शहरात राहण्याची व जेवणाची सोय नसेल, तर केवळ शुल्कमाफीने तो शिकू शकत नाही, हे या वसतिगृहांनी दाखवून दिले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने याच विचाराला 'कमवा आणि शिका' या योजनेची जोड दिली.

स्वातंत्र्यानंतरच्या प्रयोगांत ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचे ठाणे जिल्ह्यातील (आताच्या पालघर जिल्ह्यातील) बोर्डी व कोसबाड येथील कार्य विशेष महत्त्वाचे आहे. तेथील आदिवासी मुले गुरे राखण्यासाठी रानात जात असल्याने शाळेत येऊ शकत नव्हती. त्यांच्यासाठी शिक्षकच कुरणात जाऊन शिकवू लागले. ही 'कुरणशाळा' म्हणून ओळखली गेली.

मोजमाप

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आधारे देशातील ६ ते १७ वयोगटातील शाळाबाह्य मुलांची संख्या ३ कोटी २२ लाख असल्याचे नमूद केले. त्याच धोरणानुसार सकल नोंदणी गुणोत्तर सहावी ते आठवीसाठी ९०.९ टक्के, नववी-दहावीसाठी ७९.३ टक्के आणि अकरावी-बारावीसाठी ५६.५ टक्के होते. केंद्र शासनाच्या २०२१-२२ च्या 'यूडायस' अहवालात देशातील गळतीचे प्रमाण प्राथमिक स्तरावर १.५ टक्के, उच्च प्राथमिक स्तरावर ३ टक्के आणि माध्यमिक स्तरावर १२.६ टक्के दाखवले आहे. यावरून मुले शाळेत येतात, पण आठवीनंतर टिकत नाहीत, हे प्रश्नाचे आजचे स्वरूप स्पष्ट होते.

महाराष्ट्रात ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यव्यापी पटपडताळणी झाली व तीत अनेक ठिकाणी पटावरील आणि प्रत्यक्ष विद्यार्थिसंख्येत मोठी तफावत आढळली. ४ जुलै २०१५ रोजी शाळाबाह्य मुलांचे एकदिवसीय सर्वेक्षण करण्यात आले. ऊसतोडणीचे मजूर जुलैमध्ये गावी असतात आणि भटकी कुटुंबे एका दिवसाच्या पाहणीत सापडत नाहीत. त्यामुळे अशा सर्वेक्षणाच्या मर्यादांवर टीका झाली.

कारणे

हंगामी स्थलांतर: बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी इत्यादी जिल्ह्यांतील ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. पती-पत्नीची जोडी 'एक कोयता' म्हणून मोजली जाते. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होत असल्याने या कुटुंबांतील मुलांचे दुसरे सत्र जवळजवळ पूर्ण बुडते. फडाजवळच्या कोपीवर थोरली मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळते, पाणी भरते व स्वयंपाक करते. मुलगा वाढे गोळा करतो आणि चौदा-पंधराव्या वर्षी हाती कोयता घेतो. ठाणे, पालघर व रायगड जिल्ह्यांतील वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांतही हेच चक्र आढळते.

मुलींची गळती: गावातील शाळा सातवीपर्यंत असेल, तर पुढील वर्गासाठी दुसऱ्या गावी जावे लागते. रस्त्यावरील असुरक्षितता, एस.टी.ची गैरसोयीची वेळ, शाळेत वापरण्याजोग्या स्वच्छतागृहाचा अभाव आणि घरकामाची जबाबदारी यांमुळे वयात येणाऱ्या मुलींची गळती होते. बालविवाह हे तिचे कारणही आहे आणि परिणामही. शाळा सुटलेल्या मुलीचे लग्न लवकर ठरते आणि लग्न ठरलेल्या मुलीची शाळा सुटते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षांपूर्वी झाला होता.

भाषा व अध्ययन: गोंडी, कोरकू, भिली, पावरी, वारली अशा भाषा बोलणाऱ्या मुलांना पहिलीत अपरिचित असलेल्या प्रमाण मराठीतून शिकावे लागते. सुरुवातीला न समजलेले पुढे भरून निघत नाही. वाचन पक्के न होता वरच्या वर्गात गेलेल्या मुलाला आठवी-नववीत गणित, इंग्रजी व विज्ञान हे विषय अवघड जातात. दहावीचे अपयश हे पुष्कळदा शाळा सोडण्याचे शेवटचे निमित्त ठरते, कारण नव्हे.

अंतर: महाराष्ट्रातील नियमांनुसार प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या व उच्च प्राथमिक शाळा तीन किलोमीटरच्या आत असणे अपेक्षित आहे. डोंगराळ भागात ओढे व जंगल यांमुळे नकाशावरील अंतर आणि मुलाने चालायचे अंतर यांत बराच फरक पडतो. २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पट असलेल्या १,३१४ शाळा बंद करून त्यांचे समायोजन करण्याचा निर्णय झाला, तेव्हा त्याला विरोध करणाऱ्यांनी प्रामुख्याने हाच मुद्दा मांडला.

शिक्षकांची अस्थिरता

शिक्षकाने व्यवसाय सोडणे किंवा एका शाळेत न टिकणे याची नोंद गळतीच्या आकड्यांत होत नाही. मात्र मूल अनियमित होऊ लागल्याचे सर्वप्रथम लक्षात येते ते वर्गशिक्षकाच्या. घर ओळखणारा, मुलाची भाषा थोडीफार शिकलेला शिक्षक बदलला की ही जाण त्याच्याबरोबरच जाते.

महाराष्ट्रात २००० सालापासून 'शिक्षणसेवक' योजना लागू झाली. तीनुसार नवनियुक्त शिक्षकाला पहिली तीन वर्षे ठरावीक मानधनावर काम करावे लागते. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन आरंभी दरमहा ३,००० रुपये होते. पुढे ते ६,००० आणि २०२३ मध्ये १६,००० रुपये करण्यात आले. २००१ मध्ये राज्याने नव्या खासगी शाळांना 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावर परवानगी देण्याचे धोरण स्वीकारले. २००९ मध्ये त्यातील 'कायम' हा शब्द वगळण्यात आला व पुढे टप्प्याटप्प्याने अनुदान देण्यास सुरुवात झाली. मधल्या काळात अनेक शिक्षकांनी अनुदानाच्या आशेवर नाममात्र किंवा विनावेतन काम केले. काहींनी शेती, शिकवणी वा रोजंदारीचा आधार घेतला, तर काहींनी अध्यापन सोडले. महाविद्यालयांतील तासिका तत्त्वावरील अध्यापकांची स्थितीही अशीच अनिश्चित असते.

२ मे २०१२ च्या शासन निर्णयाने शिक्षक भरतीवर निर्बंध आले. त्यानंतर पात्रता व अभियोग्यता चाचण्या आणि 'पवित्र' या संगणकीय प्रणालीमार्फत भरती होऊ लागली, तरी रिक्त पदांचा प्रश्न कायम राहिला. एकशिक्षकी वा द्विशिक्षकी शाळेतील एक शिक्षक बैठकीस किंवा माहिती भरण्यास गेला की अनेक वर्ग एकाच वेळी शिक्षकाविना राहतात. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका यांखेरीज शिक्षकांना अशैक्षणिक कामे देता येत नाहीत. तथापि कागदपत्रे व ऑनलाइन माहितीचा भार हे शिक्षक संघटनांचे सततचे गाऱ्हाणे आहे.

टिकाव धरण्यास साहाय्यक ठरलेले उपाय

कायदा: २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि १ एप्रिल २०१० पासून बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ लागू झाला. वयानुरूप वर्गात प्रवेश, त्यासाठी विशेष प्रशिक्षण आणि दाखल्याअभावी प्रवेश न नाकारणे या त्यातील तरतुदी स्थलांतरित मुलांसाठी विशेष उपयुक्त आहेत.

आहार: १९९५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय योजनेत आरंभी बहुतेक राज्यांत धान्य घरी दिले जाई. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर शिजवलेले जेवण देणे बंधनकारक झाले. प्राथमिक वर्गांसाठी ४५० व उच्च प्राथमिक वर्गांसाठी ७०० उष्मांकांचे प्रमाण ठरलेले आहे.

प्रवास: ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एस.टी.चा मोफत पास मिळतो. मानव विकास कार्यक्रमात २२ जिल्ह्यांतील १२५ तालुक्यांत मुलींसाठी निळ्या रंगाच्या बसगाड्या व सायकली देण्यात आल्या. या सोयी नेमक्या आठवी ते बारावी या गळतीच्या टप्प्यावर लक्ष देतात.

स्थलांतरित मुलांसाठी शाळा व वसतिगृहे: कारखान्यांच्या परिसरात 'साखरशाळा' आणि वीटभट्ट्यांवर 'भोंगाशाळा' सुरू झाल्या. त्यांमुळे मुले शिक्षणाशी जोडलेली राहिली, परंतु त्या हंगामापुरत्या असल्याने मूळ शाळेशी दुवा तुटण्याची अडचण होती. म्हणून आईवडील गेल्यावर मुलांना गावातच ठेवणारी हंगामी वसतिगृहे, तसेच दुसऱ्या गावी शिक्षण चालू ठेवण्यासाठी 'शिक्षण हमी कार्ड' हे उपाय पुढे आले. २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना जाहीर झाली.

शिक्षकांचा पुढाकार: अनियमित मुलांच्या घरी जाऊन त्यांना परत आणण्याचे काम स्वेच्छेने स्वीकारणाऱ्या शिक्षकांची 'बालरक्षक' चळवळ राज्यात उभी राहिली. तिचे यश शिक्षक व पालक यांच्या प्रत्यक्ष परिचयावर अवलंबून असते.

पुन्हा प्रवेशाच्या वाटा: रात्रशाळा, सतरा नंबरचा अर्ज भरून खासगीरीत्या दहावी-बारावीची परीक्षा देण्याची सोय, पुरवणी परीक्षा आणि १९८९ मध्ये स्थापन झालेले नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ या शिक्षण सुटलेल्यांसाठीच्या वाटा आहेत.

मतभेद व टीका

आठवीपर्यंत अनुत्तीर्ण न करण्याचे धोरण हा वादाचा मुख्य विषय आहे. टीकाकारांच्या मते या 'ढकलपास' पद्धतीने मुले काही न शिकता पुढे जातात. समर्थकांच्या मते नापास झालेले गरीब मूल पुन्हा त्याच वर्गात बसण्याऐवजी शाळाच सोडते. २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा व पुनर्परीक्षेची तरतूद केली.

प्रोत्साहनपर रकमांबाबतही टीका होते. दुर्बल घटकांतील प्राथमिक शाळेतील मुलींसाठी १९९२ पासून असलेला दररोज एक रुपया उपस्थिती भत्ता दीर्घकाळ वाढला नाही. त्या काळात मजुरीचे दर मात्र अनेक पटींनी वाढले. शिक्षकांच्या बाबतीत, २०१७ च्या बदली धोरणाने 'अवघड क्षेत्र' निश्चित करून तेथे सेवा केलेल्यांना बदलीत प्राधान्य दिले. त्याने शिक्षकांवरील अन्याय कमी झाला, तरी दुर्गम शाळेतून बाहेर पडणे हेच तेथील सेवेचे फळ ठरते, असा आक्षेप घेतला जातो. अशा शाळांत शिक्षकाला राहावेसे वाटेल अशी निवास, दळणवळण व वेतनाची व्यवस्था करणे हा यावरील पर्याय सुचवला जातो.

हेही पहा

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९
साखरशाळा
आश्रमशाळा
रयत शिक्षण संस्था
अनुताई वाघ
बालविवाह