इमारत निधी, कर्जरोखे आणि कलम ४०९ : सिंगापूरच्या सिटी हार्वेस्ट चर्चचा खटला

धर्मादाय संस्थेत अपहार झाला असे ऐकले की आपल्या डोळ्यांसमोर फंडपेटीतून नोटा काढणारा खजिनदार येतो. सिंगापूरच्या सिटी हार्वेस्ट चर्चच्या खटल्यात तसा खजिनदार कोणीच नव्हता. जे सहा जण दोषी ठरले, त्यांच्यापैकी कोणी चर्चचा पैसा स्वतःच्या खिशात घातल्याचे सिद्ध झाले नाही; न्यायालयानेही ते मान्य केले. मूळ रक्कम बहुतांशी व्याजासह चर्चच्या खात्यात परतली होती. तरीही सुमारे पाच कोटी सिंगापूर डॉलरच्या या व्यवहाराला न्यायालयाने फौजदारी विश्वासघात म्हटले आणि सहाही जण तुरुंगात गेले. या निकालाची कारणमीमांसा आपल्याला परकी नाही. ज्या कलमांवर हा खटला उभा राहिला, ती १८६० च्या भारतीय दंडसंहितेतून सिंगापुरात गेलेली कलमे आहेत.

कॉंग ही यांनी १९८९ मध्ये हे चर्च स्थापन केले. पुढील दोन दशकांत त्याच्या उपासनेला येणाऱ्यांची संख्या तीस हजारांच्या घरात पोहोचली. २००२ मध्ये ‘क्रॉसओव्हर’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. चर्चची पायरी न चढणाऱ्या तरुणांपर्यंत लोकप्रिय संगीताच्या वाटेने धर्मसंदेश पोहोचवायचा, ही त्यामागची कल्पना. गाणाऱ्या होत्या कॉंग ही यांच्या पत्नी सन हो. प्रारंभी मंदारिन भाषेतील गीतसंग्रह निघाले, नंतर अमेरिकेतील इंग्रजी बाजारपेठेचा ध्यास घेतला गेला. हा मार्ग धर्मप्रसाराचा म्हणावा की नाही, याचा निवाडा करणे हे न्यायालयाचे काम नव्हते आणि त्याने तो केलाही नाही. प्रश्न एवढाच होता की, त्यासाठी कोणता पैसा वापरला गेला.

२००३ मध्ये चर्चच्याच एका सदस्याने, गायिकेच्या कारकिर्दीवर चर्चचा पैसा खर्च होत असल्याचा जाहीर आरोप केला. थोड्याच दिवसांत त्याला तो मागे घ्यावा लागला आणि वृत्तपत्रांत जाहिरात देऊन क्षमा मागावी लागली. त्याच वर्षी ‘एक्सट्रॉन प्रॉडक्शन्स’ ही कंपनी स्थापन झाली. कागदोपत्री ती चर्चपासून स्वतंत्र होती, सन हो यांच्या कारकिर्दीची व्यवस्था पाहणे हे तिचे काम होते, आणि तिचे संचालक चर्चचेच सदस्य होते. प्रत्यक्षात निर्णय कॉंग ही आणि त्यांचे निकटचे सहकारी घेत, असे पुढे न्यायालयात सिद्ध झाले. तक्रारीला उत्तर म्हणून आलेली ही कंपनीच पुढच्या सगळ्या व्यवहारांचे माध्यम झाली.

आता निधीकडे येऊ. चर्चने वास्तूसाठी स्वतंत्र ‘इमारत निधी’ उभारला होता. जमीन, इमारत आणि तिच्याशी निगडित खर्च यांसाठी म्हणून लोकांनी त्यात वर्षानुवर्षे दान टाकले होते. विशिष्ट हेतूने दिलेले दान त्याच हेतूने बांधलेले असते. कार्यकारिणीच्या साध्या ठरावाने त्याची दिशा बदलता येत नाही. इंग्लंडच्या विश्वस्त कायद्यापासून महाराष्ट्रातील देवस्थानांच्या व्यवहारापर्यंत हे तत्त्व समान आहे. मात्र पडून असलेला निधी सुरक्षित ठिकाणी गुंतवून वाढवणे हा विश्वस्तांचा अधिकारच नव्हे, तर कर्तव्यही मानले जाते. सिटी हार्वेस्टच्या मंडळींनी नेमके हेच दार वापरले. खर्च करता येत नाही, पण गुंतवता येते. तर मग खर्चालाच गुंतवणूक म्हणावे.

२००७ पासून इमारत निधीतील १ कोटी ३० लाख सिंगापूर डॉलर एक्सट्रॉनच्या कर्जरोख्यांत आणि १ कोटी १० लाख डॉलर ‘फर्ना’ या इंडोनेशियातील काचसामान बनवणाऱ्या कंपनीच्या कर्जरोख्यांत घालण्यात आले. फर्नाचे मालक चर्चच्याच परिवारातले होते. दोन्ही वाटांनी पैसा अखेर अमेरिकेतील संगीतप्रकल्पाकडे वळला. कर्जरोख्यांवर व्याजाचा दर लिहिलेला होता, मुदत लिहिलेली होती, सह्या होत्या. परंतु ऋणको कंपनीचे सारे निर्णय धनकोच घेत होता. परतफेड केव्हा आणि कशातून करायची हेही तोच ठरवत होता. परतफेडीचा आधार म्हणजे अजून बाजारात न आलेल्या गीतसंग्रहाची अपेक्षित विक्री. आधीच्या संग्रहांच्या न खपलेल्या सीडी चर्चच्याच पैशाने विकत घेतल्या गेल्या होत्या, हेही साक्षीपुराव्यात आले. हे खरे कर्जरोखे नव्हेत, केवळ तसा देखावा आहे, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला.

२००९ मध्ये लेखापरीक्षकांनी या कर्जरोख्यांविषयी अवघड प्रश्न विचारायला सुरुवात केली, तेव्हा दुसरा अध्याय घडला. ताळेबंदातून कर्जरोखे नाहीसे व्हायला हवे होते आणि परतफेड करायला कंपन्यांपाशी पैसा नव्हता. म्हणून चर्चचाच पैसा नव्या नावाने बाहेर काढला गेला: काही गुंतवणूक निधीच्या रूपाने, काही एक्सट्रॉनला जागेचे आगाऊ भाडे म्हणून. तोच पैसा फिरून ‘कर्जरोख्यांची परतफेड’ म्हणून चर्चकडे आला. या हाताचे त्या हाताला, आणि मध्ये चार कंपन्यांच्या नोंदी. या फेऱ्यात सुमारे २ कोटी ६६ लाख डॉलर फिरले. मला या प्रकरणातील सर्वांत बोलका भाग हाच वाटतो. पहिल्या टप्प्याविषयी, आम्ही धाडसी गुंतवणूक केली, असे कदाचित म्हणता आले असते. लेखापरीक्षकाच्या नजरेतून काहीतरी घालवण्यासाठी व्यवहार रचला, की मग तो बचाव उरत नाही.

३१ मे २०१० रोजी सिंगापूरचे धर्मादाय आयुक्त आणि पोलिसांचे आर्थिक गुन्हे खाते यांची चौकशी उघड झाली. जून २०१२ मध्ये कॉंग ही आणि इतर चौघांना अटक झाली, पुढील महिन्यात सहाव्या व्यक्तीवर आरोप ठेवले गेले. २०१३ मध्ये सुरू झालेली सुनावणी दोन वर्षांहून अधिक चालली. २१ ऑक्टोबर २०१५ रोजी न्यायाधीश सी की ऊन यांनी सर्वांना दोषी ठरवले आणि महिन्याभराने शिक्षा सुनावल्या: कॉंग ही यांना आठ वर्षे, गुंतवणूक व्यवस्थापक च्यू एंग हान यांना सहा, उपपाद्री तान ये पेंग यांना साडेपाच, आणि वित्तविभागातील सर्वांत कनिष्ठ आरोपीला एकवीस महिने.

बचाव पक्षाची मांडणी दुर्लक्षिण्याजोगी नव्हती. आम्ही वकिलांचा सल्ला घेतला, लेखापरीक्षकांना विचारले, चर्चचे भले चिंतले, एक पैसाही घेतला नाही, असे आरोपींचे म्हणणे. न्यायालयाने उत्तर दिले ते असे की, सल्लागारांना संपूर्ण सत्य सांगितलेच नव्हते. अर्धवट माहितीवर मिळालेला सल्ला ढाल होऊ शकत नाही. वैयक्तिक लाभाच्या मुद्द्याचे उत्तर तर दंडसंहितेच्या कलम २४ मध्येच आहे. एखाद्याला गैरलाभ करून देण्याचा किंवा दुसऱ्याला गैरहानी पोहोचवण्याचा हेतू असला, की ती अप्रामाणिकता ठरते. लाभ स्वतःलाच व्हावा, अशी अट त्यात नाही. निधी ज्या कामासाठी बांधलेला आहे त्यापासून तो हिरावला गेला, त्या क्षणी संस्थेची हानी झाली. पुढे तो परत आला तर शिक्षेत सौम्यता येईल, गुन्हा पुसला जाणार नाही.

अपिलात मात्र अनपेक्षित वळण आले. कलम ४०५ फौजदारी विश्वासघाताची व्याख्या करते, ४०६ साध्या विश्वासघाताची शिक्षा सांगते, आणि ४०९ लोकसेवक, बँकर, व्यापारी, अभिकर्ता अशांसाठी कितीतरी कठोर शिक्षा ठेवते. सिंगापुरात त्या वेळी ४०६ खाली कमाल सात वर्षे होती आणि ४०९ खाली वीस वर्षे किंवा जन्मठेप. संस्थेचा संचालक हा ४०९ मधील ‘अभिकर्ता’ आहे काय? भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये रामकृष्ण दालमिया खटल्यात याचे होकारार्थी उत्तर दिले होते. भारत इन्शुरन्स कंपनीचा पैसा शेअर बाजारातील सट्ट्याचा तोटा भरण्यासाठी वळवल्याचे ते मुंबई-दिल्लीतील प्रकरण. डिसेंबर १९५५ मध्ये फिरोज गांधी यांनी लोकसभेत ते गाजवले आणि पुढील वर्षी आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. दालमिया निर्णयाचा आधार घेत सिंगापुरातही दीर्घकाळ संचालकांना ४०९ लावले जात होते. सिंगापूर उच्च न्यायालयाने ७ एप्रिल २०१७ रोजी दोन विरुद्ध एक अशा बहुमताने ती वाट सोडली. अभिकर्ता म्हणजे तो व्यवसाय करणारी, संस्थेबाहेरची व्यक्ती. संचालक हा संस्थेचाच अंतर्गत घटक, असा त्या निकालाचा आशय. गुन्हा ४०६ वर आला आणि शिक्षा घटल्या. कॉंग ही यांची साडेतीन वर्षांवर आली.

सरकारी पक्ष सर्वोच्च अपील न्यायालयात गेला. १ फेब्रुवारी २०१८ रोजी त्या न्यायालयानेही तोच अर्थ कायम केला: कायद्यात उणीव असेल तर ती संसदेने भरून काढावी, न्यायालयाने शब्द ताणू नयेत. निर्णयानंतर तीन आठवड्यांत च्यू एंग हान यांनी शिक्षा भोगण्याच्या आदल्या दिवशी छोट्या होडीतून मलेशियाला पळण्याचा प्रयत्न केला आणि ते पुलाव उबिन बेटाजवळ पकडले गेले. शिक्षेत भर पडली. कॉंग ही ऑगस्ट २०१९ मध्ये सुटले. संसदेने २०१९ च्या फौजदारी कायदा सुधारणा अधिनियमाने कलम ४०९ ची व्याप्ती कंपन्या व संस्थांच्या संचालक-पदाधिकाऱ्यांपर्यंत नेली आणि १ जानेवारी २०२० पासून ती अमलात आली. भारतात ही तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये आहे.

कायद्याच्या या चर्चेत एक कालक्रम नजरेआड होतो. २००५ मध्ये सिंगापूरच्या नॅशनल किडनी फाउंडेशनचे प्रमुख टी. टी. दुराई यांचे वर्षाला सहा लाख डॉलरचे मानधन आणि संस्थेची प्रचंड गंगाजळी त्यांनीच लावलेल्या अब्रुनुकसानीच्या दाव्यात उघड झाली होती. त्यानंतर धर्मादाय परिषद स्थापन झाली आणि २००७ मध्ये धर्मादाय संस्थांसाठी सुशासन संहिता आली. सिटी हार्वेस्टचे कर्जरोखे त्याच वर्षी सुरू झाले. नियम नव्हते म्हणून हे घडले, असे त्यामुळे म्हणता येत नाही. हितसंबंध जाहीर करण्याचा नियम होता. पण कंपनी कागदावर परकी असल्यामुळे जाहीर करण्याजोगा हितसंबंधच नाही, अशी मांडणी करता आली. मताधिकार असलेले ‘कार्यकारी सदस्य’ हे एकूण उपासकांपैकी थोडे होते, आणि त्यांनाही कर्जरोख्यांचा खरा हेतू सांगितला गेला नव्हता.

आपल्यापैकी अनेकजण मंडळाचे, मराठी शाळेचे किंवा मंदिराचे विश्वस्त असतात आणि वास्तू निधीची पावतीपुस्तके आपल्याच हातात असतात. त्यांच्यासाठी देशोदेशीच्या चौकटीतला फरक लक्षात घेण्यासारखा आहे. अमेरिकेत चर्च आणि तत्सम उपासनास्थळांना वार्षिक ‘फॉर्म ९९०’ भरण्यापासून सूट आहे, पण सांस्कृतिक मंडळाला ती नाही. सलग तीन वर्षे विवरण न भरल्यास करमुक्त दर्जा आपोआप जातो. इंग्लंड-वेल्समध्ये हेतुबद्ध निधी हिशेबात स्वतंत्र दाखवावा लागतो, आणि तो अन्यत्र खर्च झाला तर विश्वस्तांवर व्यक्तिशः भरपाईचा प्रसंग येऊ शकतो. महाराष्ट्रात १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा मंदिर, चर्च, शिक्षणसंस्था सर्वांना सारखा लागू आहे. त्याच्या कलम ३५ नुसार विश्वस्त निधी अनुसूचित बँका, डाकघर बचत बँक, सरकारी रोखे अशा ठरावीक ठिकाणीच ठेवता येतो. अन्यत्र गुंतवायचा तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. हे कलम जुनाट आहे, त्यामुळे निधी मुदत ठेवीत कुजतो, अशी तक्रार पुण्या-मुंबईतील विश्वस्त नेहमी करतात, आणि महागाईचा हिशेब मांडला तर ती खोटी नाही. पण एक्सट्रॉनसारख्या खाजगी कंपनीचे कर्जरोखे घ्यायचे असते, तर पैसे बाहेर जाण्यापूर्वीच त्यासाठी धर्मादाय आयुक्तांपुढे अर्ज करावा लागला असता.