झोपेंत थिजणारीं यंत्रें



यंत्र बिघडतें तें श्रमानें, असा आपला साधारण समज आहे. गिरणीचा पट्टा तुटतो तो माग चालू असतां. मोटारीचें इंजिन तापतें तें घाट चढतांना. पण आज ज्या बिघाडाचा वृत्तांत सांगावयाचा आहे, त्याची तऱ्हा उलटी होती. संगणक भरपूर कामांत असे तोंवर सुरळीत चाले, आणि मालक चहा घ्यावयास उठला कीं थिजून जाई. पडद्यावरील चित्र जसेंच्या तसें, कोपऱ्यांतलें घड्याळ मात्र थांबलेलें. माउस हलेना, कळा दाबून उपयोग होईना. अखेर वीज तोडून यंत्र पुन्हा चालू करावें लागे.

२०१३ सालीं इंटेल कंपनीनें ‘बे ट्रेल’ नांवाची प्रोसेसरांची पिढी बाजारांत आणली. स्वस्त लॅपटॉपांत आणि लहान संगणकांत ती पसरली. सेलेरॉन जे१९०० हा तिच्यांतलाच. लिनक्स वापरणाऱ्या लोकांना या यंत्रांचा वरीलप्रमाणें अनुभव येऊं लागला, व २०१५ च्या डिसेंबरांत लिनक्सच्या कर्नलच्या दोषनोंदींत १०९०५१ क्रमांकाची तक्रार दाखल झाली.

येथें प्रोसेसरच्या झोपेविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. काम नसेल तेव्हां प्रोसेसर नुसता बसून राहत नाहीं, तो निजतो; कामाच्या दोन तुकड्यांमध्यें सेकंदाचा अल्पसा अंश मोकळा मिळाला तरी निजतो. ‘सी-१’ ही डुलकी होय. ‘सी-६’ ही गाढ निद्रा; तींत आपली अंतर्गत स्थिति बाजूस जपून ठेवून कोअर आपला वीजपुरवठा जवळजवळ तोडून घेतो. वरील तक्रारींतला तोडगा हाच, कीं यंत्र सुरू होतांना कर्नलला बजावावें: सी-१ च्या पलीकडे जाऊं नको. गोठणें थांबलें, पण लॅपटॉपची बॅटरी लवकर उतरूं लागली. ज्यानें स्वस्त यंत्र घेतलें त्यानेंच ही किंमत भरावी, हें मला न्याय्य वाटत नाहीं. पुढें असें आढळलें, कीं चित्रांचें काम पाहणारा ड्रायव्हर चिपमधील वीजनियंत्रकाशीं बोलत असतां मध्येंच कोअर झोपीं गेला, तर सारें यंत्र अडकूं शकतें. तेवढें संभाषण पुरें होईतों कोअरला जागें ठेवण्याची तजवीज २०१९ पर्यंत कर्नलमध्यें झाली.

इतका विलंब कां लागला? माझ्या मतें खरी अडचण विजेची नव्हती; ती पुराव्याची होती. इतर बिघाडांत यंत्र आपल्या नोंदवहींत कांहीं तरी लिहून जातें. येथें लिहिणाराच थिजलेला. शेवटची ओळ कुठल्या तरी क्षुल्लक कामाची, आणि पुढें कोरें. नोंदी तारेनें शेजारच्या संगणकाकडे पाठवण्याची सोय लिनक्समध्यें आहे. पण प्रोसेसरच जागचा हलेना, तर पाठवणार कोण? मग लोक रॅम तपासत, पॉवर सप्लाय बदलत. चांगल्या वस्तू निष्कारण अडगळींत गेल्या.

शिवाय गोठण अनियमित. समजा, एखादें यंत्र सरासरीनें तीन दिवसांतून एकदां थिजतें. आपण कांहीं बदल केला आणि तीन दिवस शांततेंत गेले, तर रोग बरा झाला काय? नाहीं. कांहींहि न बदलतां तीन दिवस तसेच जाण्याचा संभव शेकडा ३७ असतो. शेकडा ५ पर्यंत शंका उतरवावयाची, तर नऊ दिवस वाट पाहावी लागते. आणि तीहि एकेका बदलामागें. हें साधें गणित न केल्यामुळें कित्येक निरुपयोगी औषधांना गुण आल्याचें यश मिळालें.

२ मार्च २०१७ रोजीं एएमडी कंपनीचा रायझन विक्रीस आला, आणि त्या वर्षीं दोन रोगांची गल्लत झाली. पहिला श्रमाचा: मोठे प्रोग्राम कंपाइल करीत असतां तें काम मध्येंच कोसळे. कंपनीनें ऑगस्टमध्यें तो मान्य केला व तक्रारदारांना प्रोसेसर बदलून दिले. दुसरा विश्रांतीचा, रात्रीं यंत्र मोकळें सोडावें आणि सकाळीं तें थिजलेलें सांपडावें. पहिल्याच्या औषधानें दुसरा बरा होईना. नवा प्रोसेसर बसवूनहि कांहींचीं यंत्रें पूर्ववत् गोठत राहिलीं.

येथें संशय पुन्हा सी-६ वर गेला, व त्याच्या जोडीला पॉवर सप्लायवर. प्रोसेसर गाढ निजला, कीं त्याची विजेची मागणी इतकी घटते, कीं जुन्या घडणीचे पॉवर सप्लाय ती नीट संभाळूं शकत नाहींत. ही शंका नवी नव्हती. २०१३ मध्यें इंटेलच्या ‘हॅसवेल’ प्रोसेसरांच्या वेळीं १२ व्होल्टच्या वाहिनीवर अवघ्या ०.०५ अँपिअरपर्यंत मागणी उतरेल, अशी चर्चा झाली होती. परंतु सारा दोष बाहेरचा नव्हता. एएमडीच्या स्वतःच्या दोषपत्रिकेंत ११०९ क्रमांकाखालीं नमूद आहे, कीं ‘एमवेट’ ही, म्हणजे प्रोसेसरला थांबून राहावयास सांगणारी आज्ञा, विशिष्ट अंतर्गत परिस्थितींत अडकून बसूं शकते.

२०१८ मध्यें अनेक मदरबोर्डांच्या बायोसमध्यें ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ असा एक पर्याय आला. त्यांत ‘टिपिकल करंट आयडल’ निवडलें, कीं पुष्कळांचीं यंत्रें रात्रभर शाबूत राहूं लागलीं. त्या नांवांत गोठण्याचा उल्लेख कोठेंहि नाहीं. त्यामुळें ज्यांना त्याची गरज होती, त्यांतले पुष्कळ त्याच्यावरून नजर फिरवून पुढें गेले, आणि पुन्हा एकदां रॅम तपासावयास बसले.