पोर्तूमधील क्रूझ थांबा पर्यटन

पोर्तूमधील क्रूझ थांबा पर्यटन म्हणजे अटलांटिक किनाऱ्याने जाणाऱ्या पर्यटक जहाजांतील प्रवाशांनी उत्तर पोर्तुगालमधील पोर्तू या शहराला दिलेली काही तासांची भेट होय. पोर्तू हे लिस्बननंतर पोर्तुगालमधील दुसऱ्या क्रमांकाचे महत्त्वाचे शहर असून ते दोउरो नदीच्या उत्तर तीरावर, तिच्या मुखाजवळ वसले आहे. शहर नदीकाठचे असले तरी मोठी जहाजे नदीत येत नाहीत. ती मातोसिन्योस येथील लेइशोंइश या कृत्रिम बंदरात थांबतात.

बंदराची पार्श्वभूमी

पोर्तूचा उदय नदीतील बंदर म्हणून झाला. ‘पोर्तू’ या शब्दाचा अर्थच ‘बंदर’ असा आहे. येथील प्राचीन वसाहतीच्या ‘पोर्तुस काले’ या लॅटिन नावावरून पुढे देशाला पोर्तुगाल हे नाव मिळाले. मात्र नदीच्या मुखाशी असलेले वाळूचे बांध, खडक आणि हिवाळ्यातील पूर यांमुळे जहाजांचा प्रवेश नेहमीच धोक्याचा होता. १८५२ मध्ये ‘पोर्तू’ याच नावाची आगबोट नदीमुखाशी बुडून अनेकांचा मृत्यू झाला. सुरक्षित बंदराची मागणी त्यानंतर तीव्र झाली. १८८४ ते १८९२ या काळात नदीमुखाच्या उत्तरेस समुद्रात लाटारोधक बांध घालून लेइशोंइश बंदर उभारण्यात आले. ज्या नदीने शहर घडवले, तिच्याच मुखाने सागरी जहाजे शहरापासून दूर नेली. बंदरातील सध्याचे क्रूझ टर्मिनल २०१५ मध्ये सुरू झाले. वास्तुविशारद लुईश पेद्रो सिल्व्हा यांच्या आराखड्यानुसार बांधलेली ही वक्राकार इमारत पांढऱ्या षट्कोनी फरशांनी मढवलेली आहे. पोर्तू विद्यापीठाशी संलग्न असलेले सागरी संशोधन केंद्रही तेथेच आहे.

भेटीचे स्वरूप

जहाज साधारणपणे सकाळी येते व सायंकाळी निघते. बंदर ते जुने शहर हे अंतर रस्त्याने सुमारे १० किमी आहे. येण्याजाण्याचा वेळ आणि जहाजावर परतण्याची ठरलेली वेळ वजा केल्यास प्रत्यक्ष भटकंतीसाठी मोजकेच तास उरतात. जहाज कंपनीच्या सहलींत प्रवाशांना बसने नेले जाते. स्वतंत्रपणे जाणारे प्रवासी टॅक्सी किंवा मातोसिन्योसमधून जाणारी मेट्रो वापरतात.

प्रमुख स्थळे

जुने शहर तीव्र उतारावर असल्याने वरच्या भागातून नदीकडे उतरत जाणे सोयीचे ठरते. १९१६ मध्ये खुल्या झालेल्या साओ बेंतो रेल्वे स्थानकाच्या दालनात चित्रकार जॉर्ज कोलासू यांनी रंगवलेल्या सुमारे २०,००० ‘आझुलेजू’ फरशा असून त्यांवर पोर्तुगालच्या इतिहासातील प्रसंग चितारले आहेत. जवळच ‘से’, म्हणजे बिशपपीठाचे मुख्य चर्च आहे. जुने गोवे येथील ‘से कॅथेड्रल’च्या नावातही हाच शब्द आढळतो. पश्चिमेकडील क्लेरिगोस मनोरा सुमारे ७५ मीटर उंच असून तो निकोलाऊ नासोनी या इटालियन वास्तुविशारदाने बांधला. उताराच्या पायथ्याशी रिबेइरा हा नदीकाठचा जुना भाग आहे.

१८८६ मध्ये खुला झालेला दों लुईश पहिला हा लोखंडी पूल तेओफिल सेरिग यांनी रचला. त्याच्या कमानीचा विस्तार १७२ मीटर आहे. वरच्या मजल्यावरून मेट्रो व पादचारी जातात. पलीकडच्या व्हिला नोव्हा दि गाया या शहरात पोर्ट मद्याची कोठारे आहेत. १७५६ मध्ये सीमांकित झालेल्या दोउरो खोऱ्यातील मद्य पूर्वी ‘राबेलू’ या सपाट तळाच्या नावांतून येथे मुरवण्यासाठी आणले जाई.

२९ मार्च १८०९ रोजी सेनापती सूल याच्या फ्रेंच सैन्यापासून पळणाऱ्या नागरिकांच्या गर्दीमुळे नदीवरील नावांचा पूल कोलमडला आणि असंख्य लोक बुडाले. त्यांच्या स्मरणार्थ रिबेइरा येथे कांस्यशिल्प बसवले असून तेथे आजही मेणबत्त्या लावल्या जातात. पुलाकडे निघालेले पर्यटक याच स्मारकासमोरून जातात.

संवर्धन व परिणाम

पोर्तूचे ऐतिहासिक केंद्र, दों लुईश पूल व सेरा दो पिलार मठ यांचा १९९६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यानंतर वाढलेल्या पर्यटनामुळे पडक्या घरांची दुरुस्ती झाली. मात्र अनेक घरांचे पर्यटक निवासांत रूपांतर झाल्याने घरभाडे वाढले व जुन्या रहिवाशांच्या विस्थापनाचा प्रश्न पुढे आला. २०१८ पासून शहरात मुक्कामी पर्यटकांवर प्रतिरात्र कर आकारला जातो. रात्री जहाजावर परतणारे प्रवासी शहरात मुक्काम करत नसल्याने या मुक्काम कराच्या कक्षेत येत नाहीत, परंतु त्याच अरुंद गल्ल्या व तोच नदीकाठ त्यांनाही वापरावा लागतो. त्यामुळे थोड्या वेळात एकाच भागात होणारी गर्दी हा थांबा पर्यटनाचा मुख्य प्रश्न ठरतो.