टेकडीपलीकडे तपासलेलं आयरिश लोणी

गेल्या महिन्यात माहुल गावातल्या एक आजी आठ महिन्यांच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. सर्दी किरकोळ होती. जाता जाता त्यांनी पिशवीतून दुधाच्या पावडरीचा डबा काढून टेबलावर ठेवला. जावयाने दुबईहून आणलेला. "डॉक्टर, परदेशातला माल म्हणजे तपासलेलाच असणार ना?"

त्या डब्यापुरतं उत्तर सोपं होतं: नाही. बॅगेतून आलेला खाऊ कोणी प्रयोगशाळेत नेत नाही. पण जो माल जहाजाने येतो आणि खरंच तपासला जातो, त्याच्या अहवालावर 'मर्यादेच्या आत' असं लिहिलेलं असलं म्हणजे नेमकं काय कळतं? हे सांगायला मला तुम्हाला १९८७ सालात न्यावं लागेल. फार लांब जायचं नाही. माहुलमधून जी ट्रॉम्बेची टेकडी दिसते, तिच्या पलीकडच्या अंगाला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. गोष्ट तिथलीच आहे.

२६ एप्रिल १९८६ ला तेव्हाच्या सोव्हिएत संघात चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. किरणोत्सारी धूळ वाऱ्याबरोबर युरोपभर पसरली आणि जिथे पाऊस पडला तिथे गवतावर उतरली. ते गवत गाईंनी खाल्लं. आयर्लंड चेर्नोबिलपासून दोन हजार किलोमीटरहून लांब, तरी तिथल्या कुरणांनाही याचा स्पर्श झाला. त्या काळात युरोपीय आर्थिक समुदायाकडे लोण्याचे आणि दूध पावडरीचे अक्षरशः डोंगर साठले होते, आणि त्यातला काही माल मदत म्हणून भारतात यायचा. आपल्या दूध महापूर योजनेत त्यापासून पुन्हा दूध तयार करून शहरांना पुरवलं जायचं. याच वाटेने सुमारे २०० टन आयरिश लोणी आलं आणि मुंबईत गदारोळ झाला.

मी तेव्हा शाळेत होतो, आम्ही चेंबूरला राहायचो. आमच्याकडे आरेचं दूध यायचं. बातम्या वाचून आईने दूध दोनदा उकळायला सुरुवात केली, 'किरणं मरतील' म्हणून. आज डॉक्टर म्हणून सांगतो, उकळल्याने जंतू मरतात, किरणोत्सर्गाला उकळण्याने काहीही होत नाही. उलट पाणी उडून गेल्याने उरलेल्या दुधात त्याचं प्रमाण कणभर वाढेल. पण आईची भीती वेडगळ नव्हती. चेर्नोबिलच्या आसपासच्या प्रदेशात त्या वेळी लहान असलेल्या मुलांमध्ये पुढच्या वीस वर्षांत थायरॉइडच्या कर्करोगाचे ६,००० हून अधिक रुग्ण सापडले, आणि त्यांतल्या मोठ्या भागाचं कारण होतं अपघातानंतरच्या दिवसांत प्यायलेलं ताजं दूध.

मग मुंबईच्या लोण्यातही तोच धोका होता का? इथे थोडं थांबून समजून घ्या, कारण कुठलीही तपासणी 'नेमकं काय शोधायचं' इथून सुरू होते.

थायरॉइडला इजा करतं ते किरणोत्सारी आयोडीन. त्याचं अर्धायुष्य आठ दिवसांचं, म्हणजे दर आठ दिवसांनी ते निम्मं होतं. ऐंशी दिवसांत हजारावा भागही उरत नाही. लोणी गोठवून, जहाजात घालून इथे यायला लागणाऱ्या काळात ते संपलेलं असतं. उरतो तो सिझियम-१३७, अर्धायुष्य ३० वर्षं. त्याच्यासोबत दोन वर्षांचं अर्धायुष्य असलेला सिझियम-१३४, आणि थोडा स्ट्रॉन्शियम-९०. शरीर सिझियमला पोटॅशियम समजून स्नायूंत नेतं, स्ट्रॉन्शियमला कॅल्शियम समजून हाडांत ठेवतं. प्रौढ माणसाच्या शरीरातून निम्मा सिझियम बाहेर पडायला साधारण शंभर दिवस लागतात.

आणखी एक गोष्ट तेव्हाच्या आरडाओरड्यात हरवली. सिझियम पाण्यात विरघळतो, स्निग्धांशात नाही. लोणी काढताना तो ताकाबरोबर निघून जातो, लोण्यात फारच थोडा राहतो. म्हणजे एकाच गाईच्या दुधापासून केलेलं लोणी आणि स्किम मिल्क पावडर शेजारी ठेवली, तर काळजी पावडरीची जास्त करायला हवी. बदनाम मात्र लोणी झालं.

आता तपासणी कशी करतात? लोणी वितळवून एका खास भांड्यात भरतात. या भांड्याच्या बुडाला मधोमध खोलगट जागा असते, ती किरण मोजणाऱ्या यंत्रावर टोपीसारखी बसते. भोवती शिशाच्या जाड भिंती, कारण किरणोत्सर्ग आपल्याभोवती सगळीकडेच असतो, जमिनीतून, भिंतींतून, आकाशातून. तो अडवला नाही तर लोण्याचा आवाज बाजारातल्या गोंगाटात ऐकू येणार नाही. प्रत्येक किरणोत्सारी पदार्थाच्या गॅमा किरणांची ऊर्जा ठरलेली असते. सिझियम-१३७ ची ६६२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट. आलेखावर त्या जागी टोक उभं राहिलं की सिझियम आहे, आणि टोकाच्या उंचीवरून किती आहे ते कळतं. उत्तर बेक्वेरेलमध्ये येतं. एक बेक्वेरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं. स्ट्रॉन्शियम असा सहज सापडत नाही. तो गॅमा किरण देत नाही, त्यामुळे त्याला रसायनं वापरून वेगळा काढावा लागतो आणि त्याला वेळ लागतो.

पदार्थात किरणोत्सर्ग अगदीच कमी असेल तर मोजणी तासन्‌तास चालू ठेवावी लागते. तरीही यंत्राची एक खालची मर्यादा असतेच. म्हणून अहवालातल्या 'आढळले नाही' याचा अर्थ 'शून्य' नसतो, 'या यंत्राला, एवढ्या वेळात दिसेल इतकं नव्हतं' असा असतो. तुमच्या रक्ताच्या आणि लघवीच्या रिपोर्टांनाही हे लागू आहे, बरं का.

दुसरा प्रश्न नमुन्याचा. २०० टन लोणी २५ किलोच्या खोक्यांत भरलं तर ८,००० खोकी होतात. यातली कुठली उघडायची? पाऊस एका तालुक्यात पडतो, दुसऱ्यात पडत नाही, तसं गवतही सगळीकडे सारखं दूषित नसतं. वेगवेगळ्या दिवशी काढलेल्या घाण्यांचे वेगवेगळे नमुने घेतले नाहीत, तर कितीही महाग यंत्र असलं तरी ते फक्त त्या एका खोक्याविषयी बोलतं.

भाभा केंद्राच्या शास्त्रज्ञांना हे नवीन नव्हतं. १९५० आणि ६० च्या दशकांत जगभर उघड्यावर अणुबॉम्बच्या चाचण्या होत होत्या, तेव्हापासून ते दुधातला किरणोत्सर्ग मोजत आले होते. लोण्याची तपासणी त्यांनी केली आणि ते मर्यादेच्या आत असल्याचं सांगितलं.

तरीही काही मुंबईकर न्यायालयात गेले. वागळे विरुद्ध भारत सरकार या नावाने ओळखलं जाणारं हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. मला त्यातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो वादाचा मुद्दा. भांडण आकड्याशी नव्हतं, मर्यादेशी होतं. भारताच्या अणुऊर्जा नियामक मंडळाने अन्नातल्या किरणोत्सर्गाच्या मर्यादा २७ ऑगस्ट १९८७ ला ठरवून दिल्या, म्हणजे चेर्नोबिलनंतर तब्बल सोळा महिन्यांनी. सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली. तीत एम. जी. के. मेनन होते आणि भाभा केंद्राचे तेव्हाचे संचालक पी. के. अय्यंगारही होते. समितीपुढचा प्रश्न साधारण असा होता: मंडळाने २७ ऑगस्टला ठरवलेल्या मर्यादेच्या आत असलेले दुग्धपदार्थ माणसाला निर्धोक आहेत का? समितीने 'आहेत' म्हटलं, न्यायालयाने ते मानलं आणि १९८८ मध्ये याचिका फेटाळली.

वैद्यकाच्या दृष्टीने मला हा निकाल बरोबर वाटतो. उदाहरणादाखल हिशोब करू. समजा लोण्यात किलोला १०० बेक्वेरेल सिझियम आहे (हा आकडा माझा, त्या लोण्याचा नाही) आणि तुम्ही रोज १० ग्रॅम खाता. वर्षाला ३६५ बेक्वेरेल पोटात जातील. त्यातून मिळणारा डोस पाच मायक्रोसिव्हर्टच्या आत. छातीच्या एका एक्स-रेचा डोस साधारण २०, आणि जमीन-आकाशातून माणसाला जगात सरासरी वर्षाला मिळतो तो २,४०० मायक्रोसिव्हर्ट. तुमच्या-माझ्या शरीरातच पोटॅशियममुळे चार हजारांहून अधिक बेक्वेरेल जन्मापासून मुक्कामाला आहेत.

पण ज्यांनी मोजलं त्याच केंद्राचे प्रमुख समितीत असणं मला रुचत नाही. त्यांच्या सचोटीबद्दल शंका नाही, पण घाबरलेल्या माणसाला दुसरं मत हवं असतं. आमच्या धंद्यात ते रुग्णाचा हक्कच मानतात.

आणि मर्यादा म्हणाल, तर त्या निसर्गाने आखून दिलेल्या नाहीत. युरोपीय समुदायाने १९८६ मध्ये दूध आणि बाळाच्या अन्नासाठी किलोला ३७० बेक्वेरेल सिझियम चालेल असं ठरवलं, इतर अन्नासाठी ६००. आंतरराष्ट्रीय कोडेक्स आयोगाने १९८९ मध्ये व्यापारासाठी १,००० धरले. फुकुशिमाच्या अपघातानंतर जपानने २०१२ मध्ये अन्नासाठी १००, दूध आणि बाळांच्या अन्नासाठी ५० केले. सिझियम तोच, माणसाचं शरीरही तेच. फरक पडतो तो गृहीत धरलेल्या गोष्टींनी: वर्षाला किती डोस चालवून घ्यायचा, माणूस तो पदार्थ किती खातो, त्याच्या ताटातला किती भाग दूषित मानायचा. लोणी चाटण्यापुरतं खाल्लं जातं, पण बाळाचं सगळं जेवणच दूध असतं. म्हणून त्याची मर्यादा वेगळी आणि कडक हवी. हा निर्णय प्रयोगशाळेचा नसतो, आपल्या सगळ्यांच्या वतीने कोणीतरी घेतलेला असतो. त्याबद्दल प्रश्न विचारणारे याचिकाकर्ते हरले, तरी त्यांचा प्रश्न रास्त होता. माहुलच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. इथल्या हवेबद्दल 'मर्यादेत आहे' हे शब्द त्यांनी खोकत खोकत बरेचदा ऐकले आहेत.

आज व्यवस्था पुष्कळ सुधारली आहे. २००६ च्या कायद्याने एफएसएसएआय आली. न्हावाशेवा बंदरात खाद्यपदार्थांचा कंटेनर उतरला की कागदपत्रं आणि लेबल पाहतात, नमुना काढायचा ठरला तर त्याचे दोन भाग करतात. एक प्रयोगशाळेत जातो, दुसरा वाद झाला तर फेरतपासणीसाठी राखून ठेवतात. बुरशीचं विष, कीटकनाशकं, शिसं, जंतू, पदार्थानुसार चाचण्या ठरलेल्या असतात. पण प्रयोगशाळा शोधते तेच सापडतं. चीनमध्ये २००८ मध्ये दुधात मेलामाइन मिसळलं गेलं, सुमारे तीन लाख बाळं आजारी पडली. प्रथिनं मोजायची नेहमीची पद्धत खरं तर नायट्रोजन मोजते, आणि मेलामाइनमध्ये तो ठासून भरलेला असतो. अहवालात प्रथिनं भरपूर दिसत होती. भारताने त्याच वर्षी चिनी दुग्धपदार्थांवर बंदी घातली.

दुकानातून परदेशी चीज किंवा चॉकलेट घेताना भारतातल्या आयातदाराचं नाव-पत्ता आणि एफएसएसएआयचा परवाना क्रमांक असलेलं स्टिकर शोधा. ते असेल तर माल रीतसर वाटेने आला असण्याची शक्यता मोठी.

आजींच्या डब्यावर असं स्टिकर अर्थातच नव्हतं. सील शाबूत होतं, मुदतही संपलेली नव्हती. मी चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली. पावडर एक ते तीन वर्षांच्या मुलांसाठी होती. नातू आठ महिन्यांचा.

"मग टाकून देऊ?"

"टाकू नका. याला आईचंच दूध चालू ठेवा, आणि वरचं खाणं मी सांगितलंय तसं. डबा तुम्ही चहाला वापरा."

आजींनी डबा पुन्हा पिशवीत ठेवला आणि जावयाने तो केवढ्याला घेतला होता ते मला दोनदा सांगितलं.